परवान्याची किंमत



दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीत एका कडुनिंबाखाली कपड्यांना इस्त्री करणारे एक कुटुंब आहे. एक लाकडी टेबल, कोळशाची जड इस्त्री आणि डोक्यावर ताडपत्री, एवढेच त्यांचे दुकान. सन २०२२ च्या फेब्रुवारीतील एका संध्याकाळी मी कपडे आणावयास गेलो, तेव्हा टेबलापाशी बाई एकटीच होती. नवरा दारूच्या दुकानापुढील रांगेत उभा होता. त्या दिवसांत शहरातील पुष्कळ दुकानांतून एका बाटलीवर दुसरी बाटली फुकट मिळत असे. बाई मला म्हणाली, "बाबूजी, दुसरी बाटली फुकट आहे म्हणतात. पण दुकानदार काही ती आपल्या घरची देत नसेल. मग तिचे पैसे भरतो कोण?"

मी अर्थशास्त्राचा एम. ए. आहे आणि सरकारी नोकरीत वीस वर्षे काढली आहेत. परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर मला तेथल्या तेथे देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे, असे समजावयास हरकत नाही.

दारूच्या दुकानांची परवाना-फी वाढवावी की नाही, हा प्रश्न जगातील कोणत्या ना कोणत्या नगरसभेपुढे किंवा राज्य सरकारपुढे नेहमीच असतो. ह्या प्रस्तावाचे एक वैशिष्ट्य आहे. फी वाढली म्हणजे तिजोरीत भर पडते, म्हणून खजिनदार संतोष पावतो; आणि दारू महागली म्हणजे पिणे घटेल, अशा आशेने समाजसुधारकही संतोष पावतो. एकाच ठरावाने हे दोघेही प्रसन्न व्हावेत, हा योग दुर्मिळच. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येते की, ह्या दोघांच्या आशा एकदम पुऱ्या होणे कठीण आहे. पिणे खरोखर घटले तर तिजोरीची निराशा होते. तिजोरी भरतच राहिली तर पिणे घटलेले नाही, हे उघड आहे.

प्रथम ही फी म्हणजे काय ते पाहू. फी हा शब्द आपण शाळेच्या संदर्भात किंवा डॉक्टरांच्या संदर्भात वापरतो. तेथे आपण काही सेवा घेतो आणि तिचा मोबदला देतो. दारूच्या परवान्याची फी तशी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली हर शंकर यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. दारूचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणाही नागरिकाला नाही. तो अधिकार सरकारचा आहे, आणि सरकार तो दुसऱ्याला वापरू देते तेव्हा त्याबद्दल जी रक्कम घेते, ती म्हणजे परवाना-फी. ती कर नव्हे, सेवेचा मोबदलाही नव्हे. ती एका अधिकाराची किंमत आहे. आपल्या लोकभाषेने हे मर्म न्यायालयाच्या कितीतरी आधी ओळखले होते. दिल्लीत दारूच्या दुकानाला ठेका म्हणतात, मराठीत गुत्ता म्हणतात. ठेका म्हणजे मक्ता, आणि गुत्ता ह्याचाही मूळ अर्थ मक्ताच. दुकानाला नाव पडले ते आत मिळणाऱ्या पदार्थावरून नव्हे, तर सरकारशी झालेल्या करारावरून.

ह्या करारात सरकारची भूमिका मोठी अवघड आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांची बंदी घडवून आणण्याचा प्रयत्न करावा, असे राज्याला सांगितले आहे. आणि त्याच घटनेच्या सातव्या परिशिष्टाने दारूवरील अबकारी कर राज्यांच्या हाती दिला आहे. एका हाताने आवरावयाचे आणि दुसऱ्या हाताने वसूल करावयाचे, असा हा संसार आहे.

नगरपालिकेच्या बाजूने हा प्रश्न फार पूर्वी एका मराठी माणसाने मांडला होता. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० च्या जुलै महिन्यात, शहरात दारूची नवी दुकाने निघत असल्याचे पाहून, त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करते आणि ही दुकाने तेच आरोग्य व कुटुंबांची शांतता नासवितात, ही त्यांची तक्रार होती. आणि अशा दुकानांवर नगरपालिकेने कर बसवावा, असे त्यांनी सुचविले होते. ह्या सूचनेतील दृष्टी मला महत्त्वाची वाटते. परवान्याचे उत्पन्न इंग्रज सरकारच्या तिजोरीत जात होते. दुकानाचा उपद्रव मात्र पुण्याच्या पेठांतील गल्लीला होत होता. ज्याच्या अंगणात नुकसान होते, त्याचाही शब्द ह्या व्यवहारात असावा, असा ह्या मागणीचा अर्थ होतो. एक शतक आणि चार दशकांहून जास्त काळ लोटला, तरी ही मागणी जुनी झालेली नाही.

आता पुण्याहून पुन्हा दिल्लीत येऊ. सन २०२१ च्या १७ नोव्हेंबरपासून दिल्ली सरकारने नवे अबकारी धोरण अमलात आणले. त्याच्या राजकीय व न्यायालयीन वादात मी शिरत नाही. तो माझा अधिकार नव्हे. मला केवळ त्यातील फीची रचना श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे. तोवर बहुतेक उत्पन्न बाटलीवरील करातून येत असे. जितक्या बाटल्या खपत, तितका कर. नव्या धोरणाने हा क्रम उलटविला. सगळ्या शहराचे ३२ विभाग पाडले, किरकोळ विक्री सर्वस्वी खाजगी व्यापाऱ्यांकडे दिली, दुकानांची संख्या ८४९ ठरविली, आणि प्रत्येक विभागाच्या परवान्यासाठी बोली मागविली. अबकारी कर व विक्रीवरील कर प्रत्येकी एक टक्क्यावर आणले. म्हणजे सरकारचे बहुतेक सर्व उत्पन्न परवाना-फीच्या रूपाने ठरून गेले.

हिशेबाच्या दृष्टीने ही रचना नीटनेटकी दिसते. वर्षाचे उत्पन्न आधी ठाऊक होते, आणि करचुकवेगिरीचे आकर्षण कमी होते. परंतु आता दुकानदाराच्या जागी उभे राहून पाहा. त्याने प्रचंड रक्कम देण्याचे मान्य केलेले आहे. शंभर बाटल्या खपल्या काय किंवा हजार खपल्या काय, ती रक्कम बदलावयाची नाही. अशा वेळी प्रत्येक जादा बाटली म्हणजे त्याला जवळजवळ निव्वळ लाभ. मग तो भाव पाडील, शेजाऱ्याचे गिऱ्हाईक ओढील, एकावर एक फुकट देईल. फेब्रुवारी २०२२ मध्ये नेमके हेच घडले. रांगा रस्त्यावर आल्या, आणि महिनाअखेर सरकारला सवलती थांबविण्याचा हुकूम काढावा लागला. पुढे एप्रिलमध्ये पंचवीस टक्क्यांच्या मर्यादेत त्या पुन्हा सुरू झाल्या. जड फीने दारू महाग होते, हा आपला सर्वसाधारण समज. येथे जड फीनेच ती स्वस्त केली. इस्त्रीवाल्या बाईच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे. दुसऱ्या बाटलीचे पैसे परवान्याच्या रचनेने आधीच भरून ठेवले होते.

उरलेले निम्मे उत्तर गल्लीत आहे. प्रत्येक प्रभागात दुकाने असावीत, असा त्या धोरणाचा आग्रह होता. परंतु शहराच्या बृहत् आराखड्याप्रमाणे ६७ प्रभागांत अशा दुकानांना परवानगी मिळण्याजोगी जागाच नव्हती. तत्कालीन महानगरपालिकांनी काही दुकानांना टाळेही ठोकले. दुकाने उघडता येत नाहीत, तर फी कशाची, असे परवानेदार न्यायालयात म्हणाले, आणि त्या प्रभागांपुरती फी माफ करणे भाग पडले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्ली विधानसभेपुढे ठेवण्यात आला. त्यात ह्या धोरणामुळे झालेला तोटा सुमारे २,००२ कोटी रुपये धरला आहे, आणि त्यांपैकी सुमारे ९४१ कोटी ह्या एका कारणाचे आहेत. सन २०२२ च्या १ सप्टेंबरपासून विक्री चार सरकारी संस्थांकडे परत गेली. ह्या आकड्यांतून मी एवढाच बोध घेतो की, गल्लीला न विचारता ठरविलेली फी शेवटी तिजोरीलाही वसूल होत नाही.

मग ही फी सरळ नगरसभेकडेच द्यावी काय? स्वीडनमधील गॉटेनबर्ग शहराने १८६५ मध्ये असा एक प्रयोग केला. शहरातील मद्यविक्रीचे परवाने एका संस्थेकडे एकवटले. भागीदारांना ठरावीक, मर्यादित व्याज आणि उरलेला नफा मुख्यतः शहराच्या कोषात, अशी व्यवस्था केली. हेतू उत्तम होता. विक्रेत्याला जास्त विकण्याचा मोह राहू नये. परंतु टीकाकारांनी लवकरच दाखवून दिले की, विक्रेत्याचा मोह गेला आणि तो नगरसभेला जडला. रस्ते, दिवे, शाळा ह्या नफ्यावर चालू लागल्या की दुकान कमी करण्यास हात धजत नाही.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. १९३९ च्या १ ऑगस्टला बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसविला गेला, आणि घरमालक वर्गात मोठी खळबळ उडाली. दारूबंदीच्या यशापयशाचा विचार येथे बाजूला ठेवू. परंतु ते सरकार एक गोष्ट उघडपणे बोलले: पिणाऱ्याकडून पैसा घ्यावयाचा नसेल, तर तो न पिणाऱ्याकडून घ्यावा लागेल. हा हिशेब नागरिकांपुढे इतक्या प्रांजळपणे क्वचितच मांडला जातो.

एक आक्षेप मात्र मला डोळ्यांआड करता येत नाही. फी आणि कर बेसुमार वाढविले तर दारू नाहीशी होत नाही. ती अंधारात जाते. दिल्लीच्या एका अंगाला गुडगाव आणि फरिदाबाद, दुसऱ्या अंगाला नोएडा आणि गाझियाबाद. तीन सरकारांच्या तीन दरांच्या मध्ये केवळ एक रस्ता किंवा एक पूल आहे. आणि २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभरांवर माणसे मेली, तेव्हा मेले ते परवान्याच्या दुकानाबाहेरची स्वस्त दारू पिणारे गरीब लोकच होते. म्हणून 'वाढवा' किंवा 'वाढवू नका' असे एका शब्दात उत्तर देण्याचे धाडस मी करणार नाही.

परंतु असा प्रस्ताव समोर येईल तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारावेत, असे मला वाटते. पहिला: ह्या फीमुळे विक्रेत्याला जास्त विकावेसे वाटेल, की कमी? फी एकरकमी आहे की खपाबरोबर वाढणारी, ह्यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे. दुसरा: आलेल्या पैशातील किती भाग त्या प्रभागाकडे, तेथील दवाखान्याकडे आणि व्यसनमुक्तीच्या कामाकडे परत जाणार? आणि तिसरा: त्या प्रभागाला, विशेषतः तेथील स्त्रियांना, कोणी विचारले काय? महाराष्ट्रात ह्या तिसऱ्या प्रश्नाला कायदेशीर रूप मिळालेले आहे. गावातील किंवा प्रभागातील पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली की मतदान घेता येते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल, असे अबकारी धोरण ह्याहून दुसरे माझ्या पाहण्यात नाही.

आम्ही सरकारी नोकर ज्या कागदावर हा विषय पाहतो, त्यावर परवाना-फीचा आकडा 'जमा' ह्या सदरात असतो. तो खोटा नसतो; पण तो अर्धाच असतो. त्याची खर्चाची बाजू इस्पितळाच्या नोंदवहीत, पोलीस चौकीत आणि घरोघरच्या चुलीपाशी विखुरलेली असते, आणि तिची बेरीज कोणत्याही एका टेबलावर होत नाही.

काही दिवसांनी मी त्या बाईला माझ्या परीने उत्तर दिले. म्हटले, दुसऱ्या बाटलीचे पैसे थोडे दुकानदाराने भरले, थोडे सरकारने सोडले. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि हिशेब दुरुस्त केला. "दोन दिवस त्याने टेबल लावले नाही, बाबूजी," ती म्हणाली, "तेही धरा." मग माझे कपडे मोजून तिने गाठोडे बांधून दिले.