पदवीनंतरची परीक्षा आणि मनाची धास्ती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी भीतीविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विसंगत वाटेल. चिटणिसांनी विषय सुचविला तेव्हा आम्हांसही तसेच वाटले. परंतु या भिलाईतील कोणत्याही सेक्टरमध्ये चार मराठी घरांत गेले, तर एका घरात तरी बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा वा मुलगी ‘गेट’ नावाच्या परीक्षेची तयारी करीत असते, आणि त्या घरातील आई आम्हांस दारापर्यंत पोचवावयास आली की हळूच विचारते, “सर, हा रात्री झोपत नाही हो. काय करावे?” आमची हयात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस गणित शिकविण्यात गेली. आम्ही मानसशास्त्रज्ञ नाही. तरीही हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला आहे की त्याला टाळणे आता शोभणार नाही. यशाची गुरुकिल्ली मात्र आमच्यापाशी नाही. ती ज्यांच्यापाशी असते त्यांच्या जाहिराती चौकाचौकात लागलेल्या आहेतच.

दहावी-बारावीच्या परीक्षेला आपण सारे सांभाळून घेतो. घरातला टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना ‘एप्रिलनंतर या’ असे कळविले जाते. पदवीनंतरच्या परीक्षेला हे भाग्य नाही. मुलगा मोठा झाला, वसतिगृहात राहिला, आता त्याला काय सांगावयाचे, असे आपण धरून चालतो. आणि त्यालाही ‘मला भीती वाटते’ असे म्हणण्याची लाज वाटते. म्हणून ही धास्ती बहुधा मुकी असते.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू, कारण अर्धी भीती अंधाराची असते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आय.आय.टी. आळीपाळीने ही परीक्षा घेतात. वर्षातून एकदा, बहुधा फेब्रुवारीत, संगणकावर. तीन तास, पासष्ट प्रश्न, शंभर गुण. एम.टेक.च्या प्रवेशासाठी ती आहेच. शिवाय काही सार्वजनिक उपक्रम तिच्या गुणांवर अभियंत्यांची निवड करतात, त्यामुळे शिक्षण आणि नोकरी या दोन्हींचे ओझे तिच्यावर पडते. वर्षातून एकदाच येणारी गोष्ट माणसाला घाबरविते, हे स्वाभाविक आहे. पण हेही सांगितले पाहिजे की परीक्षेस बसण्यास वयाची अट नाही, किती वेळा बसावे याला मर्यादा नाही, आणि एकदा मिळालेले गुण तीन वर्षे चालतात. ही माहिती नियमपुस्तिकेत असते; विद्यार्थ्याच्या मनात मात्र ‘आता नाही तर कधीच नाही’ हेच वाक्य घुमत असते.

उणे गुणांचे भय तर आम्हांस विशेष मनोरंजक वाटते, कारण ते आमच्या विषयातले आहे. चार पर्यायांतील एक निवडावयाच्या दोन गुणांच्या प्रश्नात उत्तर चुकले तर दोन-तृतीयांश गुण कापला जातो. आता हिशेब करा. डोळे मिटून उत्तर दिले तर चारांत एकदा दोन गुण मिळणार आणि तीनदा मिळून दोन गुण जाणार, बेरीज शून्य. चारांपैकी दोन पर्याय खात्रीने चूक आहेत असे कळले, तर तोच अंदाज सरासरीने दोन-तृतीयांश गुण मिळवून देतो. म्हणजे ही कपात आंधळ्या अंदाजाचा फायदा काढून घेते, एवढेच. विचार करून दिलेल्या उत्तराला ती शिक्षा करीत नाही. ज्या प्रश्नांत आकडा स्वतः भरावयाचा असतो, किंवा एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, तेथे तर कपात मुळीच नाही. हा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला की वर्गातले निम्मे चेहरे सैल होतात. राहिलेले निम्मे आमच्या गुणाकारावर अविश्वास दाखवून वहीत पुन्हा करून पाहतात, तेही चांगलेच.

आता खुद्द धास्तीकडे वळू. १९६७ साली लीबर्ट आणि मॉरिस या दोन अमेरिकन संशोधकांनी परीक्षेच्या भीतीचे दोन धागे वेगळे केले. एक शरीराची खळबळ : छाती धडधडते, तळव्यांना घाम येतो, पोटात गोळा उठतो. दुसरा मनातली काळजी : ‘मला येणार नाही, सगळे पुढे जातील, बाबांना काय सांगू’ ही आतली अखंड बडबड. पुढच्या अनेक अभ्यासांत असे दिसले की गुणांची हानी करतो तो मुख्यतः दुसरा धागा. त्याचे कारण समजण्यास सोपे आहे. विचार करताना आपण चार गोष्टी एका वेळी मनात धरून ठेवतो, आणि त्या ठेवावयाची जागा फार लहान असते. आपल्या क्वार्टरमधल्या ओट्याएवढी म्हणा. त्या ओट्यावर डबे, पातेली आणि शेजारणीने ठेवावयास दिलेली परात आधीच मांडून ठेवली, तर पोळपाट कोठे ठेवणार? पोळ्या येत नाहीत असे नव्हे. लाटावयास जागा नाही. हुशार मुलाला घरी सुटलेले गणित परीक्षेत सुटत नाही, ते असे.

धडधडणाऱ्या छातीचे काय? येथे आम्हांस एक प्रयोग फार विचार करण्याजोगा वाटतो. अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठी ‘जीआरई’ नावाची परीक्षा घेतात. आपलीही पुष्कळ मुले ती देतात. जेमिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्या परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची सराव परीक्षा घेतली. काहींना आधी एवढेच सांगितले की परीक्षेच्या वेळी वाटणारी अस्वस्थता गुण कमी करीत नाही, उलट मदतही करू शकते. म्हणून छाती धडधडली तर तिची चिंता करू नका. बाकीच्यांना हे सांगितले नाही. ज्यांना सांगितले त्यांना गणिताच्या भागात अधिक गुण मिळाले, आणि पुढे खऱ्या परीक्षेची गुणपत्रके पाहिली तेव्हा तेथेही त्यांचे गणित सरस दिसले. विद्यार्थी थोडे होते, म्हणून याची पोथी करू नये. पण त्यातला विचार आम्हांस पटतो. घाबरलेल्या मुलास आपण ‘शांत हो, शांत हो’ म्हणतो. त्याचे शरीर काही शांत होत नाही, आणि आता शांत होता येत नाही ही एक नवी काळजी ओट्यावर येऊन बसते. त्याऐवजी ‘शरीर कामाला सज्ज झाले आहे, होऊ दे’ असे म्हणणे अधिक खरे आणि अधिक उपयोगी आहे. रंगमंचावर जाण्यापूर्वी आपल्या गणेशोत्सवातल्या नटांचे पाय लटपटतात. पहिले वाक्य बोलून होताच तेच पाय नाटक उभे करतात.

परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या काळज्या कागदावर उतरवाव्या, असाही एक उपाय २०११ साली गाजला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत मात्र तो परिणाम हाती लागला नाही. ज्याला लिहून बरे वाटते त्याने लिहावे. त्यावर भिस्त ठेवू नये.

भिस्त ठेवावी अशी गोष्ट एकच, ती म्हणजे परीक्षेसारखा सराव. पुस्तक पाचव्यांदा वाचले की सारे ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे अशी समजूत होते. पुस्तक मिटून आठवावे लागते तेव्हाच खरे किती आहे ते कळते, आणि तसे आठवण्याने ते अधिक टिकते. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली हे प्रयोगाने दाखविले. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, मध्ये न उठता, ज्या वेळी परीक्षा असते त्याच वेळी सोडवाव्या. एक बारीकशी गोष्ट सांगतो. या परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावर दिसणाऱ्या यंत्रावर माउसने आकडे दाबावे लागतात. वर्षभर हातातल्या यंत्रावर सफाईने गणिते केलेली मुले तेथे प्रथमच अडखळतात आणि पहिल्याच घटकेस त्यांचा धीर सुटतो. अधिकृत संकेतस्थळावर नमुना परीक्षा फुकट असते. ती दहा वेळा करावी.

आणि सारे करूनही मध्येच पाटी कोरी झाली तर? होते तसे. आमच्या ओळखीच्या एका मुलीस पहिल्या वर्षी तसे झाले. पहिले पाच प्रश्न अनोळखी निघाले आणि पुढची वीस मिनिटे ती त्यांनाच धरून बसली. दुसऱ्या वर्षी तिने एक नेम ठरविला आणि सरावातही पाळला : प्रश्न दोनदा वाचून वाट दिसली नाही तर त्यावर खूण करावयाची, पेन खाली ठेवावयाचे, दोन्ही पावले जमिनीला टेकवून चार-पाच श्वास घ्यावयाचे, श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावयाचा, आणि पुढे जावयाचे. दुसऱ्या वर्षीही तिची छाती धडधडलीच. तिला हवी होती ती संस्था मिळाली नाही, दुसरी मिळाली, आणि तेथे ती आनंदात शिकली. तिने आणखी एक केले. परीक्षाकेंद्रावर वडिलांनी येऊ नये, असे तिने त्यांना स्पष्ट सांगितले. वडिलांना ते लागले. पण ते आले नाहीत, आणि आमच्या मते त्या वर्षी घरातले सर्वांत अवघड काम त्यांनीच केले.

येथे आम्ही मुलांना सोडून आपणां मोठ्यांकडे वळतो, कारण ती आतली बडबड मुलाच्या मनात येते कोठून? येथल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्यानंतर नागपूर, वर्धा, चंद्रपूर इकडून आपली वडीलधारी मंडळी येथे आली. शेत गावी राहिले, वाडा भावांत वाटला गेला, आणि क्वार्टर तर कंपनीचे. तेव्हा आपण येथे काय उभे केले, असे गावच्या माणसांनी विचारले की आपण मुलाकडे बोट दाखवितो. हे प्रेमानेच होते. पण बोट ज्याच्याकडे दाखविले जाते त्याला त्याचे वजन कळते. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नागपूरच्या मावशीचा, पुण्याच्या काकांचा, ठाण्याच्या आत्याचा फोन येतो. प्रत्येकजण ‘टेन्शन घेऊ नकोस हं’ म्हणतो, आणि आठव्या फोनाला ते पुरते घेतले गेलेले असते. त्या संध्याकाळी फोन आईने घ्यावा आणि आशीर्वाद साठवून ठेवावे. निकालाच्या दिवशी ‘रँक किती?’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘जेवलास का?’ हा आपल्या घरांतला जुना प्रश्न आहे आणि तो पुरेसा आहे.

आमच्या मंडळासही थोडे सांगणे आहे, रागावू नये. गुणवंतांच्या सत्कारात आपण नाव आणि रँक ध्वनिक्षेपकावरून वाचतो. ज्याचे नाव येत नाही तो त्या संध्याकाळी घरीच बसतो, आणि पुढे गणेशोत्सवातही दिसेनासा होतो. सत्कार जरूर करावा. आकडे वाचल्यावाचून तो उणा होत नाही.

एक गोष्ट मात्र सराव आणि युक्त्या यांच्या पलीकडची आहे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, कोणाशी बोलणे नाही, किंवा ‘आता जगून काय करू’ असा शब्द तोंडातून आला, तर त्यास परीक्षेची भीती समजून निकालापर्यंत थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा चालू आहे. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस, विनामूल्य, आणि अनेक भारतीय भाषांत. हा क्रमांक स्मरणिकेच्या वेळापत्रकाच्या पानावर छापावा, अशी संपादकांस विनंती आहे.

शेवटी एक व्यवहाराचा प्रस्ताव. मंडळाचा दिवाणखाना रविवारी सकाळी रिकामाच असतो. डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी साडेनऊ ते साडेबारा तो या मुलांसाठी उघडा ठेवावा. ज्याने त्याने आपला संगणक आणावा, घड्याळ भिंतीवर लावावे, पंख्याची करकर आणि बाहेरच्या भाजीवाल्याची हाक तशीच राहू द्यावी, कारण केंद्रावरही असे काही ना काही असतेच. दोन वेळा, तीन वेळा परीक्षा दिलेली आपलीच मुले येथे आहेत. त्यांनी नंतर अर्धा तास बसून इतरांशी बोलावे. किल्ली उघडण्याचे काम आम्ही घेतो. साडेबाराला चहा आणि पोहे कोणी द्यावयाचे ते महिला शाखेने ठरवावे, आणि वाढणाऱ्यांनी कोणासही गुण विचारू नयेत.