शिफारसपत्राची किंमत

अमेरिकेत संगणकशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी अर्ज करावयाचा तर बहुधा तीन शिफारसपत्रे लागतात. पुष्कळ ठिकाणी मुदत डिसेंबरच्या मध्यास संपते, आणि आमच्याकडे धावाधाव सुरू होते ती नोव्हेंबरात. कोणी प्राध्यापक म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मुलगा लिहितो: हुशार, कष्टाळू, विनयशील! (विनयशीलाने स्वतःस विनयशील म्हणावे, हीही गंमतच.)

कार्नेगी मेलन विद्यापीठातील मोर हार्चोल-बाल्टर या प्राध्यापिकेने अर्जदारांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली आहे. 'माझ्या वर्गात उत्तम गुण मिळवले' एवढेच सांगणाऱ्या पत्राची किंमत शून्य, असे त्यात स्वच्छ सांगितले आहे. गुण काय, गुणपत्रिकेत दिसतातच. उत्तर कोणासच ठाऊक नसलेला प्रश्न हाती दिला, तेव्हा या मुलाने काय केले? प्रयोग फसल्यावर चूक कोठे शोधली? हे शेजारी बसून पाहणाऱ्यालाच लिहिता येते. म्हणून आम्ही सुचवतो की, विभागप्रमुखांच्या मोठ्या नावामागे न लागता, प्रकल्प करवून घेणाऱ्या तरुण अध्यापकाकडे जावे. आणि त्या अध्यापकाने पत्र स्वतःच लिहावे. जमणार नसेल तर तसे ऑगस्टातच सांगून टाकावे, म्हणजे पोराला दुसऱ्या कोणाकडे जाण्यास सवड राहील.