एकशे पाच नावांची यादी

ऑगस्ट महिना उजाडला की अमेरिकेतील विद्यापीठांतून एक यादी प्रसिद्ध होऊ लागते. ती परीक्षेच्या निकालाची नसते की प्राध्यापकांच्या नेमणुकांचीही नसते. ती असते विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची. तिकडे तिला 'रोस्टर' म्हणतात. नवा मोसम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. परंतु त्यापूर्वी कित्येक आठवडे वृत्तपत्रांतून, नभोवाणीवरून आणि घरोघरच्या जेवणाच्या टेबलावर या यादीचा काथ्याकूट चाललेला असतो. कोण गेला, कोण राहिला, कोण नव्याने आला आणि कोणाच्या जागेवर आता कोण उभा राहणार, याची चर्चा तेथील माणूस आपल्याकडील क्रिकेट-शौकिनाच्याच हिरिरीने करतो.

ही यादी समजून घ्यावयाची तर आधी त्या खेळाची तोंडओळख हवी. गोमंतकात किंवा हैदराबादेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो खेळ पायांचा. अमेरिकेतील फुटबॉल हा बव्हंशी हातांचा खेळ आहे. चेंडू लंबगोल, मैदान शंभर यार्ड लांब, आणि त्याच्या दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे पट्टे. एका वेळी प्रत्येक बाजूचे अकरा गडी मैदानात असतात. चेंडू ज्याच्याकडे त्या पक्षाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे. तेवढे साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू पल्याडच्या पट्ट्यात नेला की सहा गुण, आणि त्यानंतर चेंडू खांबांमधून लाथेने धाडला की आणखी एक.

मैदानात अकराच गडी, मग यादीत शंभराहून अधिक नावे कशासाठी, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. पूर्वीच्या काळी एवढी नावे नसतही. १९२४ साली नोत्र दाम विद्यापीठाच्या ज्या संघाने प्रशिक्षक क्नूट रॉक्नी याच्या हाताखाली दहाही सामने जिंकले, त्या संघातील गडी चढाईही करीत आणि बचावही करीत. पुढे १९६५ पासून महाविद्यालयीन खेळात गडी हवे तेव्हा बदलण्याची पूर्ण मोकळीक मिळाली आणि एका संघाचे जणू तीन संघ झाले : चढाईचा एक, बचावाचा दुसरा आणि केवळ लाथेने चेंडू मारण्याच्या प्रसंगांसाठी तिसरा. त्यातून हा खेळ अंगावर आदळण्याचा; दुखापत ठरलेलीच. म्हणून प्रत्येक जागेसाठी दुसरा गडी, दुसऱ्यामागे तिसरा, अशी उतरंड रचावी लागते.

आता यादीकडे वळू. तिच्यात प्रत्येक नावापुढे काही रकाने असतात : पाठीवरचा क्रमांक, खेळण्याची जागा, उंची, वजन, गाव, शाळा आणि महाविद्यालयातील वर्ष. सराईत वाचक प्रथम पाहतो तो हा शेवटचा रकाना. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणजे आशा, चौथ्या वर्षाचा म्हणजे भरवसा. काही नावांपुढे 'रेडशर्ट' असा शेरा असतो. पाच वर्षांच्या मुदतीत चार मोसम खेळण्याची परवानगी देणाऱ्या जुन्या नियमातून ही पद्धत निघाली. ज्या विद्यार्थ्याने एखादे वर्ष सामने न खेळता केवळ सरावात घालविले, त्याचे ते वर्ष वाया गेले असे धरीत नाहीत. ते बियाण्यासारखे राखून ठेवलेले असते. दुसरा महत्त्वाचा रकाना वजनाचा. अग्रभागी एकमेकांस भिडणाऱ्या धिप्पाड गड्यांचे वजन तीनशे पौंडांच्या, म्हणजे एकशे छत्तीस किलोंच्या, पुढे जाते. या आघाडीच्या फळीचे नाव वृत्तपत्रांत क्वचितच येते. परंतु ती कच्ची असेल तर मागच्या नामांकितांचे काही चालत नाही. यादी वाचणारा जाणता माणूस म्हणूनच आधी या अनामिकांची वर्षे मोजतो.

उदाहरणादाखल नोत्र दामचीच २०२५ च्या मोसमापूर्वीची यादी घ्यावी. इंडियाना राज्यातील साउथ बेंड गावी होली क्रॉस संघाचे धर्मगुरू एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली हे कॅथलिक विद्यापीठ स्थापिले, आणि १८८७ पासून तेथे हा खेळ खेळला जात आहे. २०२४ च्या मोसमात प्रशिक्षक मार्कस फ्रीमन यांच्या संघाने सोळांपैकी चौदा सामने जिंकले. २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटा येथे अंतिम सामन्यात मात्र ओहायो स्टेटने त्यांस ३४-२३ असे नमविले. विजयाच्या उंबरठ्यावरून परतलेल्या संघाची पुढच्या वर्षीची यादी लोक किती उत्सुकतेने वाचतात, हे सांगावयास नको.

या यादीतील मोठी उणीव मध्यभागीच होती. 'क्वार्टरबॅक' हा चढाईचा सूत्रधार. चेंडू प्रत्येक वेळी त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे द्यावयाचा हे क्षणार्धात त्यास ठरवावे लागते. रायली लेनर्ड हा सूत्रधार शिक्षण संपवून गेला होता. त्याच्या जागी आला सी. जे. कार. त्याचे आजोबा लॉइड कार हे मिशिगन विद्यापीठाचे, म्हणजे नोत्र दामच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचे, एके काळचे प्रशिक्षक! नातवाचे घराणे मोठे, पण महाविद्यालयीन सामन्यांचा अनुभव जवळपास शून्य. उलट धावपटूंची बाजू भक्कम होती. जेरमाया लव्ह याने आदल्या मोसमात इंडियाना विद्यापीठाविरुद्ध एकाच धावेत अठ्ठ्याण्णव यार्डांचे अंतर कापले होते, आणि त्याच्या जोडीला जडेरियन प्राइस होता. बचावात झेव्हियर वॉट्स, जॅक कायझर यांसारखे जुने खांब निघून गेले होते आणि बचावाचे मार्गदर्शक अल गोल्डन हेही व्यावसायिक संघाकडे गेले होते. थोडक्यात, पाय बळकट, पण डोके नवे, अशी ही यादी होती.

पूर्वी अशी यादी वाचणे सोपे होते. मुलगा शाळेतून आला की चार वर्षे तेथेच राहावयाचा; महाविद्यालय बदलले तर सामान्यतः एक वर्ष त्यास बाहेर बसावे लागे. २०१८ मध्ये बदलीची इच्छा नोंदविण्याची नवी व्यवस्था सुरू झाली, २०२१ मध्ये एका बदलीपुरती बाहेर बसण्याची अट गेली, आणि २०२४ पासून कितीही वेळा बदली करण्याची मुभा मिळाली. त्याच सुमारास, १ जुलै २०२१ पासून, खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर जाहिरातींतून पैसे मिळविण्याची परवानगी झाली. त्यामुळे आता यादीतील अर्धीअधिक चर्चा शाळांऐवजी इतर महाविद्यालयांतून आलेल्यांची असते. लेनर्डही ड्यूक विद्यापीठातून आलेला होता.

परंतु २०२५ च्या उन्हाळ्यात या यादीच्या बाबतीत जे घडले, ते याहून खोलवर जाणारे होते. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा जलतरणपटू ग्रँट हाउस आणि इतर काहींनी २०२० मध्ये न्यायालयात दावा गुदरला होता. महाविद्यालये आमच्या खेळावर अमाप पैसा मिळवितात, मग त्यातील वाटा आम्हांस का नसावा, असा त्यांचा सवाल होता. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी या दाव्यातील तडजोडीस मान्यता दिली. तीनुसार महाविद्यालय आपल्या खेळाडूंस पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लक्ष डॉलरपर्यंत रक्कम स्वतः देऊ शकते. हा न्याय उशिरा का होईना झाला, हे मान्य केलेच पाहिजे. भरलेल्या मैदानाचे उत्पन्न ज्यांच्या घामातून येते, त्यांच्या पदरात काहीच पडू नये, याचे समर्थन कोण करील?

तथापि या तडजोडीस एक शेपूट होते. पूर्वी नियम शिष्यवृत्त्यांच्या संख्येस होता. फुटबॉलसाठी १९७३ मध्ये एकशे पाच, १९७८ मध्ये पंचाण्णव आणि १९९२ मध्ये पंचाऐंशी शिष्यवृत्त्यांची मर्यादा ठरली. यादीत किती नावे असावीत, यास मात्र अशी कडक मर्यादा नव्हती. शिष्यवृत्ती न घेता, स्वतःचे शुल्क भरून, केवळ खेळाच्या ओढीने येणाऱ्या मुलांस जागा असे. त्यांस तिकडे 'वॉक-ऑन' म्हणतात. म्हणजे बोलावणे नसता आपल्या पायांनी मैदानावर चालत आलेला. नव्या व्यवस्थेत शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली, आणि तिच्या जागी तडजोड स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांसाठी नावांचीच मर्यादा आली : एकशे पाच. सगळ्यांस शिष्यवृत्ती देता येईल. परंतु एकशे सहाव्यास, तो काहीही मागत नसला तरी, यादीत स्थान नाही.

धनिक विद्यापीठांनी गडी साठवून ठेवू नयेत, हा या मर्यादेमागील हेतू समजण्याजोगा आहे. पण तिचा घाव कोणावर पडला? जाहिरातींतून पैसा मिळविणाऱ्यांवर तो पडला नाही. जो पहाटे उठून सरावास येत होता, येत्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याची सोंगे वठवून मुख्य संघास तयार करीत होता आणि सामन्याच्या दिवशी कडेला उभा राहत होता, त्याच्यावर तो पडला. अनेक महाविद्यालयांनी तडजोड मंजूर होण्यापूर्वीच अशी नावे कापली होती. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश विल्कन यांनी याच मुद्द्यावर मान्यता रोखून धरली. अखेर, ज्यांची जागा या मर्यादेपायी गेली वा जाणार होती, त्यांस मर्यादेबाहेर धरण्याची सूट ठेवण्यात आली. मात्र त्यांस परत घ्यावयाचे की नाही, हे महाविद्यालयाच्या मर्जीवर राहिले. आणि पुढच्या पिढीतील एकशे सहाव्यास तर तीही सूट नाही.

या बिनशिष्यवृत्तीच्या खेळाडूंचा इतिहास लहान नाही. नोत्र दाममध्ये डॅनियल रुएटिगर नावाचा एक मुलगा होता. उंची पाच फूट सहा इंच. अभ्यासात वाचनदोषाची अडचण. विद्यापीठाने तीनदा प्रवेश नाकारल्यावर चौथ्या खेपेस त्यास आत घेतले. दोन मोसम त्याने सरावात मार खाल्ला. ८ नोव्हेंबर १९७५ रोजी जॉर्जिया टेकविरुद्ध घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्यात शेवटची काही क्षणे त्यास खेळावयास मिळाली, त्याने प्रतिपक्षाच्या सूत्रधारास खाली पाडले आणि सहकाऱ्यांनी त्यास खांद्यावर उचलून नेले. १९९३ मध्ये त्याच्यावर चित्रपटही निघाला. बेकर मेफील्ड हा असाच बिनशिष्यवृत्तीचा म्हणून दोन विद्यापीठांत दाखल झाला आणि २०१७ मध्ये त्याने हाइझमन हा या खेळातील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान मिळविला. स्टेटसन बेनेट जॉर्जियात असाच आला आणि २०२१ व २०२२ असे लागोपाठ दोन मोसम त्याने आपल्या विद्यापीठास राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. ज्या दिवशी ही मुले प्रथम मैदानावर आली, त्या दिवशी एकशे पाचांची यादी असती, तर तीत त्यांची नावे असती काय, हे कोणी सांगावे?

आता २०२५ च्या मोसमात नोत्र दामचे काय झाले, ते पाहू. पहिला सामना मायामीने २७-२४ असा जिंकला. दुसरा सामना १३ सप्टेंबर रोजी टेक्सस ए अँड एम विद्यापीठाशी, घरच्या मैदानावर झाला. अखेरची तीन मिनिटेही उरली नसता नोत्र दामने सहा गुण मिळवून आघाडी घेतली. आता केवळ एका गुणाची लाथ मारावयाची होती, जी शंभरांतून पंचाण्णव वेळा सहज जाते. परंतु मागे फेकलेला चेंडू ठेवणाऱ्याच्या हातून निसटला आणि तो एक गुण गेला. चेंडू जमिनीवर धरून ठेवणारा! यादी वाचताना त्याच्या नावावरून नजर घसरून जाते. मग अवघे तेरा सेकंद शिल्लक असता टेक्सस ए अँड एमच्या नेट बोर्कर्चर याने पल्याडच्या पट्ट्यात चेंडू झेलला, पुढचा एक गुणही मिळाला आणि नोत्र दाम ४१-४० असे हरले. हा बोर्कर्चर कोण? नेब्रास्का विद्यापीठात शिष्यवृत्तीविना खेळास सुरुवात केलेला एक मुलगा.

त्यानंतर नोत्र दामने उरलेले दहाही सामने जिंकले. ज्या नवख्या सूत्रधाराविषयी सर्वांस धास्ती होती, तो कार खरा उतरला. तरीही डिसेंबरमध्ये अजिंक्यपदाच्या बारा संघांत नोत्र दामची निवड झाली नाही. आरंभीचे ते दोन पराभव, तीन गुणांचा एक आणि एका गुणाचा दुसरा, अखेरपर्यंत त्यांच्या मानगुटीवर बसून राहिले. मोसमापूर्वी ज्या जागेची चिंता वाहिली गेली तेथे संघ तरला, आणि ज्या जागेकडे कोणी पाहिलेही नव्हते तेथे तो घसरला.

शंभर मेंढरांतील एक हरवले असता नव्याण्णव मागे ठेवून त्याच्या शोधास निघणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टांत या कॅथलिक विद्यापीठास अपरिचित नाही. खेळाचे नियम दृष्टांतांवर चालत नाहीत, हे खरे; संख्येस कोठे तरी कुंपण घालावे लागते, हेही खरे. परंतु विद्यापीठाचा संघ हा प्रथम विद्यार्थ्यांचा संघ असतो. मोबदला मागणाऱ्याचा हक्क मान्य करताना, काहीच न मागणाऱ्याचा हक्क हिरावला जाऊ नये, एवढी काळजी तरी नियम करणाऱ्यांनी वाहावी. येत्या ऑगस्टमध्ये पुन्हा याद्या निघतील, पुन्हा क्रमांक, वजने आणि गावे वाचली जातील. शौकीन वाचक वरची दहा-वीस नावे पाहून भाकिते करील. जाणत्या वाचकाने मात्र यादीच्या तळाशीही क्षणभर थांबावे. मोसमाचा निकाल पुष्कळदा तेथेच लिहिलेला असतो.