रस्त्याचंही खातं लिहायला हवं
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांच्या आनंदसोहळ्यात अपघाताचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण एकदा आपल्या पार्किंगमध्ये नजर टाका. सुरुवातीला तिथे सायकली आणि मोजक्या स्कूटर असत. आता घरटी दोन दुचाक्या आहेत. आपली मुलं त्यावरून मूल, भद्रावती, गडचिरोलीला जातात आणि रात्री फाटक वाजेपर्यंत आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. तेव्हा विषय घरचाच आहे.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, म्हणजे रोज सरासरी ४६२. त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते.

माझा जन्म खतावण्यांत गेला. बँकेत एक साधा नियम असतो: नोंद नाही, तर व्यवहार झालाच नाही. रस्त्याचेही तसेच आहे. अपघाताची नोंद पूर्वी कशी असायची? 'अमुक गावाजवळ अज्ञात वाहनाने धडक दिली.' गावाजवळ म्हणजे नेमके कुठे? वळणावर, नाल्याच्या पुलावर की बसथांब्यासमोर? हे कळल्याशिवाय इंजिनिअर दुरुस्त काय करणार?

यासाठी केंद्र सरकारने आयआयटी मद्रास आणि एनआयसी यांच्याकडून 'आयरॅड' ही प्रणाली तयार करून घेतली. २०२१ मध्ये ज्या सहा राज्यांत ती प्रथम सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. पोलीस घटनास्थळीच मोबाईलवर जागा, फोटो, वाहन, रस्त्याची स्थिती भरतात. तीच माहिती परिवहन, महामार्ग आणि आरोग्य खात्यांपर्यंत पोहोचते.

पण यात एक उणीव राहते. राष्ट्रीय महामार्गावरचा पाचशे मीटरचा तुकडा 'ब्लॅक स्पॉट' ठरायला तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू व्हावे लागतात. म्हणजे आधी माणसे जायची, मग फलक लागायचा! आमच्याकडे नव्वद दिवस हप्ता थकला की खाते एनपीए होते. पण जाणता अधिकारी नव्वद दिवस वाट पाहत बसत नाही. पहिला हप्ता चुकला की तो कर्जदाराच्या दारात उभा असतो.

हेच शहाणपण नागपुरात २०२१ साली सुरू झालेल्या 'आय-रस्ते' प्रकल्पात आहे. महापालिकेच्या बसगाड्यांना कॅमेरे बसवले. समोरचे वाहन किंवा पादचारी फार जवळ आला, की चालकाला इशारा मिळतो आणि त्या इशाऱ्याची जागाही नोंदली जाते. जिथे इशारे वारंवार वाजतात ती जागा 'ग्रे स्पॉट'. म्हणजे अपघात होण्याआधीच रस्ता आपले दुखणे सांगतो.

आपल्या जंगलपट्टीत मात्र नागपूरची नक्कल पुरणार नाही. इथे कोळशाचे टिप्पर आहेत, सुरजागडहून लोहखनिज नेणारे ट्रक आहेत, रात्री दिवा नसलेल्या बैलबंड्या आणि धानाच्या ट्रॉल्या आहेत. मध्येच रानडुक्कर आडवे येते. आतल्या भागात मोबाईलला रेंज नाही. सिरोंचा ते गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. जखमीचा पहिला मोलाचा तास रस्त्यातच संपतो. १०८ची गाडी कुठे उभी ठेवायची, हेदेखील नेमक्या नोंदींवरूनच ठरायला हवे. नोंदीचा उपयोग जनावरांनाही होतो. पेंचच्या जंगलात राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या आणि कॅमेरे लावले, तेव्हा त्यांतून वाघ ये-जा करताना दिसले. म्हणून 'इथं कॅमेरे लावून काय होणार?' असे कुणी म्हटले, तर हे उदाहरण द्या.

आता आपले काम. अपघात दिसला तर थांबा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. फोन करताना 'जंगलात' असे न सांगता किलोमीटरचा दगड पाहून सांगा. पोराला गाडीची किल्ली देताना हेल्मेटही हातात द्या.

आणि एक विनंती. सोसायटीच्या कार्यालयात एक वही ठेवू या. कोण कुठे घसरला, कुठे थोडक्यात वाचला, कुठला खड्डा, कुठला अंधार, हे तारीख-वेळेसह लिहू या. गाडीला खरचटले म्हणून कुणी पोलिसांत जात नाही. सरकारी संगणकात ती जागा कधीच येत नाही. आपल्या वहीत येईल. दर तीन महिन्यांनी तिची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे देऊ. वहीचा खर्च फार तर शंभर रुपये. लिहिण्याचे काम मी करीन, तेवढी सवय अजून आहे. फक्त तुम्ही येऊन सांगा, आणि लाजू नका.