गोठ्यातली काँटेसा: गंज, पत्रा आणि रंगाचा घोळ

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त तेच तेच पुन्हा आलेलं काढलंय. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, जिथं इयरफोन नसतील तिथं वाचायला.)



मागच्या महिन्यात मी सहज एक फोटो टाकला होता. गोठा, दोन म्हशी, आणि त्यांच्या मागं ताडपत्रीखाली एक लांबलचक गाडी. त्यावर जेवढे मेसेज आले तेवढे आजपर्यंत कशावरच आले नव्हते. निम्म्या जणांनी विचारलं, ‘भावा, ही कुठली गाडी?’ आणि उरलेल्यांनी विचारलं, ‘विकायची का?’

विकायची नाही. कुठली, ते सांगतो.

ती हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा आहे. अँबेसेडर बनवणारी तीच कंपनी, पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाऱ्याची. व्हॉक्सहॉल नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या गाडीचा साचा त्यांनी घेतला आणि १९८४ मध्ये काँटेसा बाजारात आणली. लांब बॉनेट, चौकोनी तोंड, मागं भली मोठी डिकी. दिसायला थेट अमेरिकन मसल कार. म्हणून आपल्याकडं लोक तिला आजही ‘इंडियन मसल कार’ म्हणतात.

आता खरं सांगायचं तर मसल फक्त दिसण्यात. ‘फास्ट अँड फ्युरियस’मधली ती काळी गाडी आठवते? १९७० ची डॉज चार्जर. त्या काळात चार्जरमध्ये जे सगळ्यात दणकट इंजिन मिळायचं ते सात लिटरचं, कागदावर ४२५ हॉर्सपॉवर. आपली काँटेसा सुरुवातीला आली ती दीड लिटरच्या जुन्या इंजिनावर, ५० च्या आसपास हॉर्सपॉवर. पुढं जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा ती ८८ वर गेली. म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकएवढी. पण त्या काळी आपल्या रस्त्यावर तिचा रुबाब होता. २००२ मध्ये ती बंद पडली.

आमच्याकडं आली २००३ साली.

आमचं गाव दौंड तालुक्यात, चौफुल्यापासून जवळ. अण्णांनी पुण्यातून सेकंडहँड काँटेसा आणली, १९९१ चं मॉडेल. आणली ती लग्नासाठी. म्हणजे स्वतःच्या नाही, लोकांच्या! तेव्हा नवरा-नवरीला मिरवायला लांब गाडी लागायची. अण्णांनी ती पांढरी रंगवून घेतली, कारण पांढऱ्यावर झेंडूच्या माळा उठून दिसतात. खासगी पाटीवर भाडं मारणं नियमात बसत नाही, पण तेव्हा कोण विचारत होतं? न्हावऱ्यापासून पाटसपर्यंत लग्नाच्या तिथीला आमची गाडी कधी घरी नसायची.

मग स्कॉर्पिओ आल्या, इनोव्हा आल्या. एसी नसलेल्या जुन्या गाडीत नवरी कशाला बसेल? भाडं तुटलं, इंजिनाचं काम निघालं, त्यासाठी कर्ज झालं. शेवटी रस्त्याकडची वीस गुंठे जमीन गेली. २०११ मध्ये अण्णांनी गाडी गोठ्यात ढकलली, वर ताडपत्री टाकली, आणि त्यानंतर त्या गाडीचं नाव घरात कुणी काढलं नाही.

मी रांजणगाव एमआयडीसीत कामाला लागलो. थोडे पैसे साठले. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत जेवताना बोललो, ‘अण्णा, गाडी बाहेर काढू का?’

अण्णा ताटावरून मान वर न करता म्हणाले, ‘तिनं माझे वीस गुंठे खाल्ले. आता तुझा पगार खायचाय?’

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

तर गंज. दौंड-शिरूर म्हणजे कोरडा पट्टा, पाऊस बेताचा. मग एवढी गंजली कशी? मला वाटायचं, झाकली म्हणजे वाचली. उलटं असतं! ताडपत्रीखाली ओल कोंडते, वाराच लागत नाही. वर गोठा. शेणामुताची ओल, त्यातले क्षार. लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी पुरतं, क्षार असले की काम झपाट्यानं होतं. आणि लोखंडाचा गंज ॲल्युमिनियमसारखा वर थर धरून खालच्या धातूला राखत नाही. तो फुगतो, पापुद्रे सुटतात, खालचा ताजा पत्रा उघडा पडतो, की तो गंजायला लागतो. रंगाखाली फोड आलेले दिसतात ना, ते हेच. फोड रुपयाएवढा दिसला तर आत बहुतेक वेळा तळहाताएवढं काम झालेलं असतं.

इथं मी पहिली चूक केली. एका ठिकाणी गाडी दिली, नाव घेत नाही. त्यांनी वीस दिवसांत गुळगुळीत करून दिली. अठरा हजार घेतले. मी खूश! पावसाळा सरला आणि दाराखालून पुट्टीचे ढेपळे पडायला लागले. गंज तसाच ठेवून वर पुट्टी थापली होती. पुट्टी ओल शोषते. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी लावणं म्हणजे ओल्या भिंतीला डिस्टेंपर मारणं.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे दोनच उपाय लक्षात ठेवा. एक, लोहचुंबक घ्या, मऊ फडक्यात गुंडाळा आणि दाराच्या खालच्या कडेवर, चाकाच्या कमानीवर फिरवा. पत्रा असेल तिथं चिकटेल, जाड पुट्टी असेल तिथं सुटेल. दोन, गाडीखाली झोपा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं फ्लोअर दाबून बघा. आत गेला तर समजा पत्रा संपलाय.

आमच्या गाडीचा स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

मग गाडी टेंपोवर घालून चौफुला-न्हावरा रस्त्यानं शिरूरला नेली. तिथं एक वयस्कर डेंटर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चारही दारं उघडून पुन्हा लावून बघितली. मला वाटलं, गंज बघायचा सोडून दारं कसली बघताहेत! तर म्हणाले, ‘या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच तिची हाडं. दाराखालची ही पट्टी एका दमात कापलीस तर गाडी मधून वाकेल आणि दार परत कधी बसायचं नाही.’

म्हणून आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून बॉडी जखडली. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी आधीच बाहेर. घरी वेल्डिंगचा प्रयोग करणाऱ्यांनो, टाकी रिकामी असली तरी आतली वाफ पेट घेते, हे विसरू नका. मग एका वेळी एकच तुकडा. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, पुठ्ठ्याचा साचा काढायचा, त्या मापाचा नवा पत्रा वाकवायचा, आणि जोडताना सलग वेल्ड न मारता एक टाका इथं, एक टाका तिथं. सलग मारलं की पत्रा तापून लाटांसारखा वाकतो. वरवरचा गंज होता तिथं तारेचा ब्रश आणि फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर. भोक पडलेल्या जागी मात्र कुठलंही केमिकल चालत नाही, तिथं पत्राच बदलायचा.

ड्रायव्हरच्या बाजूची पट्टी कापली तेव्हा आतून मातीबरोबर काहीतरी सांडलं. काळे पडलेले तांदळाचे दाणे. अक्षता. कार्पेटखाली, सीटच्या पट्ट्यांत, सगळीकडं. टाचण्या, झेंडूच्या माळेचा दोरा, एक बांगडीचा तुकडा. आठ वर्षांची लग्नं.

मी त्या मूठभर अक्षता घरी नेल्या, अण्णांसमोर ठेवल्या. अण्णांनी बोटानं चाळवल्या, काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी सकाळी चप्पल घालून दारात उभे. म्हणाले, ‘चल, शिरूरला मलापण काम आहे.’ काम काही नव्हतं.

आता रंग. इथं खरी भांडणं झाली.

माझ्या डोक्यात काळा होता. चार्जरसारखा, वर दोन पांढऱ्या पट्ट्या. चाचा म्हणाले, ‘काळा रंग चहाडखोर असतो.’ म्हणजे काळ्या चकचकीत रंगात उजेडाची रेष पडते आणि पत्र्यातली प्रत्येक लाट, प्रत्येक जोड दिसतो. ज्या गाडीला इतकी ठिगळं लावली तिला आरशासारखं सपाट करायचं तर मजुरी दुप्पट. वर आपल्याकडची धूळ आणि एप्रिलचं ऊन.

एका मित्राचं म्हणणं, मिलिटरी ग्रीन मार. तर ऐका, हे पुष्कळांना माहीत नसतं: ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून दुसऱ्या कुणाला लावता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये तसं स्पष्ट आहे. गावोगावच्या जीपवाल्यांनी नोंद घ्यावी!

आई म्हणाली, ‘पांढरीच ठेव. या पट्ट्यातल्या किती पोरी या गाडीतून सासरी गेल्या, त्यांना ओळखू यायला नको का?’ याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर आरसी बुकात निघालं. नोंदणी नव्यानं करायची म्हणून कागद काढले, तर रंगाच्या रकान्यात ‘निळा’. अण्णांनी पांढरी केली, पण आरटीओत नोंद केलीच नव्हती. गाडीचा रंग बदलला की तो आरसीवर चढवावा लागतो. तपासणीला गाडी आणि कागद जुळले पाहिजेत. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, तेव्हा हे सगळं बघितलं जातं. ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आहे, पण ती पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना. आमची अजून त्या वयाची नाही.

मी अण्णांना विचारलं, ‘नोंद का नाही केली?’

तेव्हा पहिल्यांदा बोलले. ‘मला ती निळीच आवडली होती. निळी बघूनच घेतली. पांढरी धंद्यासाठी केली. वाटलं, कर्ज फिटलं की परत निळी करू, मग कशाला नोंद करायची.’

मंडळी, मी इतकी वर्षं समजत होतो की अण्णांना ती गाडी नकोशी आहे. त्यांना नकोसा होता तो पांढरा रंग.

मग निळा ठरला. पण कुठला निळा? मोबाइलवर बघून रंग ठरवू नका, प्रत्येक स्क्रीनवर वेगळा दिसतो. आम्ही डिकीतलं कार्पेट उचललं. खाली एका कोपऱ्यात पांढरा फवारा पोचलाच नव्हता, मूळ निळा तसाच. ऊन न लागलेला, त्यामुळं न विटलेला. तो हलक्या हातानं कंपाउंडनं घासून त्यावरून रंगाच्या दुकानात मॅचिंग केलं. तीन नमुने वेगवेगळ्या पत्र्यांवर मारून घेतले आणि सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी बाहेर ठेवून बघितले. दुपारी तिन्ही सारखे वाटत होते. संध्याकाळी अण्णांनी मधल्यावर बोट ठेवलं.

कामाचा क्रम थोडक्यात: उघड्या पत्र्यावर आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर पातळ पुट्टी, मग सर्फेसर, पाणी पेपरनं घासणं, मग बेस कोट, शेवटी क्लिअर कोट. पट्ट्यांच्या आतल्या पोकळीत मेण फवारलं आणि पाणी निघून जायची भोकं मोकळी ठेवली. आधी कुणीतरी ती पुट्टीनं बुजवली होती! आणि एक, हार्डनरवाला रंग मारताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. त्यातली रसायनं फुप्फुसाला घातक असतात, योग्य मास्कच लागतो. रंग आम्ही शिरूरला बूथमध्ये मारला, गावात नाही. आमच्याकडं हंगामात गुऱ्हाळं पेटलेली असतात, ओल्या रंगावर काजळी बसली की संपलं.

आईसाठी काय केलं? डिकीच्या झाकणाला आतून तळहाताएवढा जुना पांढरा रंग तसाच ठेवलाय, वर फक्त क्लिअर मारलाय. तपासणीला जायच्या आधी आरटीओत विचारूनही आलो. आतल्या भागाचं काही नाही म्हणाले.

खर्च? विचारणारच तुम्ही. पहिल्या चुकीचे अठरा हजार धरून तीन लाख चाळीस हजार. वेळ, चौदा महिने. गुंतवणूक म्हणून बघितलं तर हा वेडेपणा आहे, आणि घरात हप्ते चालू असतील तर करू नका. मी हे अण्णांकडं बघून बोलतोय.

गाडी अजून पूर्ण नाही. पाचवा गिअर अडकतो, काचेचं रबर मिळत नाहीये, तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तोवर ती अंगणातच. ताडपत्री टाकलेली नाही. परवा कामावरून आलो तर अण्णा ड्रायव्हर सीटवर बसून दार उघडत होते आणि लावत होते. म्हटलं, ‘काय करताय?’ म्हणाले, ‘चाचा बोलले तसं दार बसतंय का बघतोय.’

बसतंय.

तुमच्या गोठ्यात, शेडमध्ये, आजोबांच्या वाड्यात काही झाकून ठेवलं असेल तर आज ती ताडपत्री काढा, वारा लागू द्या. लोहचुंबक फिरवा. आणि ती गाडी ज्यांनी ठेवली त्यांना एकदा विचारा, आधी रंग कुठला होता म्हणून. काय सांगतात ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.

भेटूया. नमस्कार!