डीफ्रॅग सर्वांत शेवटी

फलकावर विषय लिहिला होता ‘जुन्या संगणकाची निगा’. वक्त्यांनी माईक हाती घेताच तो बाजूला सारला. निगा वगैरे वेळ उरला तर बघू, ते म्हणाले, आज एकच गोष्ट गळी उतरवायची आहे. संगणक रेंगाळायला लागला की माणसं पहिल्यांदा डीफ्रॅग लावतात. ते सर्वांत शेवटी करायचं काम आहे. आधी फाइलींची नक्कल, मग डिस्कची तपासणी, मग डीफ्रॅग.

हार्ड डिस्क म्हणजे काय, हे ‘तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे’ असे म्हणून तबकड्या, हेड, क्लस्टर आणि एनटीएफएस त्यांनी दोन वाक्यांत संपवले. मागून कोणीतरी ‘ठाऊक नाही’ असे स्पष्ट सांगितले. मग त्यांना थांबणे भागच पडले. पंगतीला उशिरा आलेलं कुटुंब जिथे पाट रिकामा दिसेल तिथे बसतं, त्यांनी समजावले, आजोबा दाराशी, नातू खांबापाशी. वाढप्याला घर एकच, पण येरझारा दहा. डिस्कवर मोठी फाइल अशीच मोकळ्या जागा शोधत विखुरते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, मजकूर वाचणारे हेड सरकायला साधारण ९ मिलिसेकंद. म्हणजे तुकड्यामागे १३ मिलिसेकंद, आणि हजार तुकड्यांच्या फाइलीला तेरा सेकंद नुसत्या धावपळीत. तेव्हा हे तुकडे पुन्हा सलग मांडणारे डीफ्रॅग थोतांड नाही, हे त्यांनी कबूल केले, जरा नाइलाजानेच.

मग हे साधन एवढे लाडके का झाले? वक्त्यांचे उत्तर होते: कारण ते दिसत होते. १९९३ साली एमएस-डॉस ६ बरोबर डीफ्रॅग आले, तेही सिमँटेककडून परवान्याने घेतलेले. त्याच वर्षीच्या ६.२ आवृत्तीत तपासणीसाठी स्कॅनडिस्क आले. स्कॅनडिस्क कोणाला आठवत असेल तर ते वीज गेल्यावर निळ्या पडद्यावर हटकून उगवणारे संकट म्हणून. विंडोज ९८ मधले डीफ्रॅगचे रंगीत चौकोन मात्र लोक चहा घेऊन बघत बसत. आणि मध्येच कुठलासा प्रोग्रॅम डिस्कवर काही लिहून जाई, ‘ड्राइव्हवरचा मजकूर बदलला, पुन्हा सुरुवात’ असा निरोप झळके आणि सारे परत पहिल्यापासून. सभागृह या आठवणीवर सर्वांत मोठ्याने हसले. भारनियमनाच्या काळात तासांचा हिशेब मांडून डीफ्रॅग लावणारे बरेच जण समोर बसले असावेत.

इथून गाडी घसरली, पण चांगल्या दिशेने. विंडोज २००० मधले डीफ्रॅग मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहिले नव्हते. एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअर या कंपनीच्या ‘डिस्ककीपर’ची ती छाटलेली आवृत्ती होती. कंपनीचे प्रमुख सायंटॉलॉजी पंथाचे. जर्मनीत सरकारी यंत्रणा तेव्हा या पंथाकडे संशयाने पाहत, त्यामुळे तिथे वादळ उठले: फाइली जागच्या हलवणारा प्रोग्रॅम डिस्कचा कोपरान् कोपरा पाहू शकतो, मग तो कोणाच्या हातचा आहे? अखेर मायक्रोसॉफ्टला तो भाग काढून कसा टाकावा, याच्या सूचना जाहीर कराव्या लागल्या. वक्ते या गोष्टीत इतके रमले, की अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिले. विषयाशी संबंध काय, असे एका श्रोत्याने विचारलेच. संबंध असा, ते म्हणाले, की डीफ्रॅग प्रत्येक फाइलीला हात लावतं. निरोगी डिस्कवर ते चालेल. आजारी डिस्कवर तो घाव आहे.

मुद्दा पक्का होता, पुरावाही. गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्कॅनमध्ये पहिला दोष सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. डिस्क स्वतःची प्रकृती ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदींत लिहून ठेवते. त्यात बदललेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा, आणि बदलीची वाट पाहणाऱ्या सेक्टरांचा आकडा पाहावा. पण त्याच अभ्यासात निकामी झालेल्या निम्म्याहून जास्त डिस्कांनी महत्त्वाच्या चार नोंदींपैकी एकीतही इशारा दिला नव्हता. म्हणून नक्कल पहिली, तपासणी दुसरी. तपासणीलाही पायऱ्या आहेत. नुसते ‘चेकडिस्क’ फक्त पाहून सांगते, ‘एफ’ जोडला की फाइलींच्या नोंदी दुरुस्त करते, ‘आर’ जोडला की खराब सेक्टर शोधत सगळी डिस्क पिंजून काढते. डिस्क टकटक आवाज करत असेल तर ‘आर’च्या वाटेला जाऊ नये.

पेजमेकर आणि श्रीलिपीसाठी विंडोज एक्सपीचे यंत्र जपून ठेवलेला एक डीटीपीवाला उठला. दर रविवारी डीफ्रॅग करतो, म्हणाला, अजून मशीन ठणठणीत आहे. वक्त्यांचा स्वर चढला: ते डीफ्रॅगमुळे नव्हे, डीफ्रॅग सोसून! टाळ्या पडल्या, तरी हे उत्तर थोडे अन्यायाचेच. त्या डिस्कची तपासणी कोणी केली होती? पण लगेच त्यांनी कामाची गोष्ट सांगितली. एक्सपीत डिस्कशी बोलताना पुन्हापुन्हा चुका झाल्या, की विंडोज ‘डीएमए’ ही वेगवान पद्धत सोडून ‘पीआयओ’ या जुन्या, संथ पद्धतीवर उतरते आणि आपणहून परत वर येत नाही. मग यंत्र मुंगीच्या पावलाने चालते. कारण कधी सैल केबल, कधी मरू घातलेली डिस्क. डीफ्रॅग रात्रभर चालवले तरी फरक शून्य. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनेलच्या खिडकीत हे दोन मिनिटांत दिसते. डीटीपीवाल्याने ते लिहून घेतले.

एवढ्यात वेळ संपल्याची चिठ्ठी आली. उरलेले सारे एका दमात झाले: डीफ्रॅगपूर्वी निदान १५ टक्के जागा मोकळी ठेवा, एक्सपी तेवढी मागतं, यूपीएस नसेल तर सुरूच करू नका, व्हिस्टापासून हे काम विंडोज आठवड्यातून एकदा आपणहून करतं, मूळ वेळ बुधवारी पहाटे एकची, आणि रंगीत चौकोनही तेव्हाच गेले, तेव्हा बघत बसायचं कारण उरलं नाही.

आभार सुरू झाले तरी पहिल्या रांगेतल्या आजींनी विचारलेच, नातवाच्या लॅपटॉपला करू का? त्यात एसएसडी असेल तर मुळीच नको, वक्ते पायऱ्या उतरता उतरता म्हणाले. तिथे फिरणारी तबकडी नाही, सरकणारं हेड नाही. हाताने डीफ्रॅग करून नुसत्या लिहिण्याच्या फेऱ्या खर्ची पडतात. आज घरी जाऊन फोटोंची नक्कल तेवढी दुसऱ्या डिस्कवर काढा.