किरण आज, गुण तीन वर्षांनी



मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या एका दोषाबद्दल आज बोलायचे आहे. डॉक्टर त्याला एव्हीएम म्हणतात. एरवी धमनीतले रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जाते, तिथे त्याचा जोर ओसरतो आणि मग ते शिरेत उतरते. इथे मधल्या केशवाहिन्याच नसतात. धमनीचा सगळा दाब थेट शिरेवर येतो. तिथला वाहिन्यांचा गुंता फुगतो, कधीतरी फुटतो. वर्षाला शंभरातल्या साधारण दोन ते चार रुग्णांना असा रक्तस्राव होतो. पुष्कळदा ऐन तरुणपणी, काही कल्पना नसताना.

कवटी उघडून हा गुंता काढता येतो. पण तो खोल असला, किंवा वाचेच्या केंद्राला खेटून असला तर? स्टॉकहोमचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये रेडिओसर्जरीची कल्पना मांडली. किरण अनेक दिशांनी सोडायचे. एकेकटा किरण दुबळा, पण सगळे जिथे मिळतात तिथे मारा जबर. त्यातूनच पुढे कोबाल्टवर चालणारे गॅमा नाइफ यंत्र तयार झाले आणि १९७० मध्ये स्टॉकहोमलाच एव्हीएमवर ते वापरले गेले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात हे यंत्र १९९७ साली आले.

डोक्याला चौकट बसवताना तेवढी जागा बधिर करतात. रुग्ण जागा असतो आणि बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जातो. नातेवाइकांची गल्लत होते ती इथेच. घरी आला म्हणजे बरा झाला, असे त्यांना वाटते. किरणांनी वाहिनी लगेच बंद होत नाही. तिच्या अस्तराला इजा होते, अस्तर जाड होत जाते, पोकळी अरुंद होते आणि दोन-तीन वर्षांनी रक्ताची वाट बुजते. तोवर फुटण्याचा धोका टळलेला नसतो. गुंता तीन सेंटिमीटरहून मोठा असेल, तर यशाची शक्यताही घटते. माझ्या मते हे सगळे उपचाराआधीच, घरच्या भाषेत, सांगितले गेले पाहिजे.

एव्हीएम कधी फुटलेलेच नसेल, तर घाई नको. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अरुबा चाचणीत अशा रुग्णांमध्ये, सरासरी तेहेतीस महिन्यांच्या पाहणीत, हस्तक्षेपापेक्षा नुसत्या औषधोपचाराचा निकाल चांगला आला. पाहणीचा काळ अपुरा होता, हा तिच्यावरचा आक्षेपही रास्त आहे. तेव्हा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्या.

उपचार झाला असेल, तर ठरलेल्या तारखांचे एमआरआय आणि शेवटची अँजिओग्राफी चुकवू नका. अचानक असह्य डोकेदुखी झाली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठा.